दहा हजारांतली गेमिंग खुर्ची

प्रश्न : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास आणि खेळ मिळून तो रोज सहा-सात तास संगणकासमोर असतो. त्याला दहा हजारांच्या आतली गेमिंग खुर्ची हवी आहे. त्याची उंची ५ फूट ४ इंच आहे. अशी खुर्ची सोयीची असते का आणि ती टिकते का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : या किमतीतली खुर्ची टिकण्यापेक्षा ती आपल्या मुलाच्या मापाची आहे का, हा प्रश्न मोठा आहे. या खुर्च्यांची घडण शर्यतीच्या मोटारीतल्या आसनावरून घेतलेली असते. वळणावर चालकाचे अंग घसरू नये म्हणून त्या आसनाच्या दोन्ही कडा उंच ठेवतात. घरच्या टेबलापाशी मात्र त्या मांड्यांना आवळतात, आणि खुर्चीतही मांडी घालून बसणाऱ्या आपल्या मुलांची त्यात पंचाईत होते. मानेची उशी बहुधा उंच माणसाच्या बेताने लावलेली असते. मुलाला ती मानेऐवजी डोक्यामागे येत असेल, तर डोके सतत पुढे ढकलले जाईल. तेव्हा ती काढूनच ठेवावी. आसन सर्वांत खाली घेतल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि पाठ टेकून बसल्यावर गुडघ्याची मागची बाजू व आसनाची कड यांत दोन-तीन बोटे अंतर राहिले पाहिजे. हे जमत नसेल, तर त्याच पैशांत जाळीच्या पाठीची साधी ऑफिस खुर्ची घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मजबुतीविषयी. आतला सांगाडा बहुतेक वेळा लोखंडी असतो आणि तो सहसा दगा देत नाही. काटकसर होते ती फोम आणि आवरणात. साच्यात ओतलेला फोम आकार धरून राहतो, तर मोठ्या ठोकळ्यातून कापलेला हलका फोम लवकर बसतो. दुकानात पंधरा मिनिटे बसून पाहावे, आणि तेवढ्यातच खालची फळी किंवा पट्टे जाणवू लागले तर ती खुर्ची सोडून द्यावी. दुकानदार ज्याला लेदरेट म्हणतात, ते कापडावर दिलेला प्लास्टिकचा पातळ थर असते. पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातला घाम यांनी तो थर कमकुवत होऊन काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात, आणि त्यावर दुरुस्ती नाही. कापडी आवरण मिळाले तर तेच घ्यावे, दिसायला ते तितके झोकदार नसले तरी.

खुर्ची आपोआप खाली बसू लागली, तर दोष आसनाखालच्या, उंची कमी-जास्त करणाऱ्या गॅस सिलिंडरचा असतो. तो बदलता येतो, त्यासाठी खुर्ची मोडीत काढू नये. घेताना सिलिंडरवर क्लास ४, म्हणजे मजबुतीच्या वरच्या श्रेणीची, खूण आहे का, ते पाहावे. घरी जोडणी करताना सगळे बोल्ट आधी हाताने बसवून मगच एकेक करून आवळावेत, आणि महिन्याभराने पुन्हा आवळावेत. खुर्चीची पाठ करकरण्याचे कारण बहुधा सैल बोल्टच असतात. फरशीवर नायलॉनच्या कडक चाकांचा आवाज होतो, म्हणून मऊ आवरणाची चाके बरी. हमी सिलिंडरला किती आणि आवरणाला किती, हे वेगवेगळे विचारून बिलावर लिहून घ्यावे, कारण ‘तीन वर्षांची हमी’ पुष्कळदा फक्त सांगाड्यापुरती असते.