सुर्ला कुठलं, ते आधी लिहा

‘दहा जण, नोव्हेंबरातला शनिवार, सुर्ल्याच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) तंबू, पहाटे कड्यावरून सूर्योदय. फॉरेस्टच्या कार्यालयात परवानगीसाठी तीनदा गेलो, तिन्ही वेळा हे आमच्याकडे येत नाही म्हणाले.’ तुमचं हे वाचलं आणि जुनी खपली निघाली. बूट, टॉर्च, पाठपिशवी यांवर इतरांनी लिहिलंच आहे, ते सोडतो.

आधी तुमचा अर्ज काढून बघा. त्यात नुसतं ‘सुर्ला’ लिहिलंय का? गोव्यात सुर्ला एक नाही. चोर्ला घाटाच्या माथ्याकडचं सत्तरीतलं, ते तुमचं. मोलेच्या बाजूला, कदंबांच्या काळातल्या महादेवाच्या देवळाचं, ते तांबडी सुर्ला. आणि खाणपट्ट्यातलं डिचोलीचं तिसरं. पहिल्याभोवतीचं रान म्हादई अभयारण्याचं, दुसऱ्याचं भगवान महावीर अभयारण्याचं. म्हणजे कार्यालयं वेगळी, सही करणारे वेगळे. आम्ही गेलो होतो तेव्हा अर्जात तालुका लिहिला नव्हता. टेबलामागच्या माणसानं विचारलं नाही, शिक्का मारला आणि हातात कागद दिला तो तांबडी सुर्ल्याचा. फाटकावर सकाळी सातला ते कळलं. चूक अर्ज लिहिणाऱ्याची, कबूल. पण एक शब्द दुरुस्त करायला त्याच कार्यालयानं ‘नवीन अर्ज द्या’, ‘साहेब मिटिंगला’ करत तीन आठवडे घालवले, ते अजून पचलेलं नाही.

‘आमच्याकडे येत नाही’ यामागचं दुसरं कारण असं की वन खात्याची दोन अंगं आहेत, प्रादेशिक आणि वन्यजीव. अभयारण्य वन्यजीव विभागाकडे. प्रादेशिकवाल्यांचं ‘जावा, काय होत नाही’ तिथं चालत नाही, मग ते रेंजर कितीही ओळखीचे असोत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८व्या कलमात अभयारण्यात शिरायच्या परवान्याची कारणं दिली आहेत, त्यात ‘पर्यटन’ आहे. अर्जात तोच शब्द वापरा. ‘सहल’, ‘ॲडव्हेंचर’ नको.

अर्जात तालुका, अभयारण्याचं नाव, तारीख, आत जायची आणि बाहेर यायची जागा, सगळ्यांची नावं-वयं, ओळखपत्रांच्या प्रती, गाड्यांचे नंबर, गावातल्या वाटाड्याचं नाव. दिवसाची भटकंती आणि रात्रीचा मुक्काम वेगवेगळे मागा. एकाच वाक्यात मागितले की मुक्कामावर अडून अख्खा कागद परत येतो. स्वतःच्या प्रतीवर इनवर्ड नंबर (अर्ज मिळाल्याचा आवक क्रमांक) घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. तो नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही, असं समजा. (नियम बदलत असतात, मी काही खात्याचा माणूस नाही. शेवटचा शब्द परवान्यावर छापलेला असेल तो.)

आता तंबूचं. माझं स्पष्ट मत, मुक्कामाची परवानगी मिळाली तरी सड्यावर झोपू नका. गावात कुणाच्या अंगणात झोपा, पैसे त्या घराला द्या. ३०व्या कलमाप्रमाणे अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे, तेव्हा चूल नाही, शेकोटीही नाही. मार्च २०२३मध्ये सत्तरीची रानं पेटली, हेलिकॉप्टरनं पाणी टाकावं लागलं. तेव्हापासून काडेपेटी दिसली तरी गार्डाचा चेहरा बदलतो, आणि बरोबरच आहे. उंडे (गोव्याचे गोल पाव), उकडलेली अंडी, चणे-गूळ न्या. एक दिवस चहा नसला म्हणून कुणी मरत नाही.

सूर्योदयासाठी तर मुळीच धडपडू नका. घाटाची ही कड पश्चिमेकडे उतरते. सूर्य तुमच्या पाठीमागून, कर्नाटकाच्या पठारावरून उगवतो. सकाळी खाली दरीत धुक्याचं दूध भरलेलं असतं, ते सुंदर, पण दूरचं काही दिसत नाही. आठ-नऊनंतर ते विरायला लागतं. लांबचे डोंगर बघायचे तर पाऊस सरल्यासरल्याचे, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस, हवा धुतलेली असते. मार्चपर्यंत धूर आणि धूसर.

नोव्हेंबराच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत साडेपाचलाच अंधारतं. सातला निघालात तर माथा दिसो न दिसो, बाराला मागे फिरा. वाळलेल्या गवतावरून उतरताना बूट घसरतात, उतरायला चढण्याइतकाच वेळ धरा. पाणी माणशी तीन लिटर. व्हाळावर (ओढ्यावर) भिस्त नको, फेब्रुवारीपासून बरेच आटतात. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्येच मिसळा. अर्ध्या लिटरमध्ये दाट करून प्यायलं की उलट्या होतात, तहान भागत नाही.

वाटेत देवराई लागली तर वाटाडा सांगेल तसं वागा. तो चपला काढून राखणदाराला (जागेच्या रक्षक देवाला) गाऱ्हाणं घालत असेल तर तुम्ही फोटो काढू नका.

आणि ज्यावर कुणीच लिहिलं नाही ते, गोचीड. तिच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण २०१५पासून सत्तरीत सापडले आहेत. जोर साधारण डिसेंबर ते मे, तुम्ही नोव्हेंबरात जाताय तरी सवय लावा. पूर्ण पँट, टोक मोज्यात खोचलेलं, पालापाचोळ्यावर बसणं नाही, मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि आरोग्य केंद्रात कळवा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, काखा, जांघा, कानामागे नीट बघा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, सिगारेट नको. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘सत्तरीच्या रानात गेलो होतो’ हे आधी सांगा आणि स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन घेऊ नका, या तापात रक्तस्राव होऊ शकतो.

तुमच्या अर्जात तालुका होता की नव्हता, तेवढं कळवा. नसेल तर जुन्या अर्जाच्या मागे लागू नका, सोमवारी नवा द्या.