मेंदू आधीच सगळं ठरवत असेल, तर नैतिक जबाबदारी उरते का?

उरते. मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांच्या १९८३च्या प्रयोगावर बोट ठेवून लोक ती मोडीत काढतात. त्यात लोकांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. हात हलण्याच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी मेंदूत विद्युत हालचाल दिसली, इच्छेची जाणीव मात्र २०० मिलिसेकंद आधी. पण मनगट कधी हलवायचं, यात नैतिक असं काय आहे? कर्ज फेडायचं की बुडवायचं हे माणूस दिवसेंदिवस मनात घोळवतो.

जबाबदारी ठरवताना दोन गोष्टी तपासा: आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, आणि सबळ कारण समोर असतं तर तो थांबू शकला असता का. झोपेत चालणाऱ्याच्या बाबतीत दोन्हींचं उत्तर नाही, म्हणून त्याला दोष देता येत नाही. रागाच्या भरात मारणारा सहसा सुटत नाही. शेजारी पोलीस उभा असता तर तोच हात आवरला असता.