विचारा की! आमदाराचं पत्र वेगळं आणि आमदाराचा प्रश्न वेगळा

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की विधिमंडळाच्या अधिवेशनाबद्दल काय विचारायचं असेल तर विचारा, तर एवढी पत्रं न् मेसेज आले की संपादक म्हणाले तुम्हीच निस्तरा आता. बहुतेकांचा सूर एकच, आमदार नेमकं करतो काय ओ? मी अकरा वर्षं आपल्या जिल्ह्यातल्या एका आमदारांचा पीए होतो (पक्ष विचारू नका, सांगणार नाही), म्हणून जे टेबलाच्या आतल्या बाजूनं बघितलंय तेच सांगतो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वडिलांच्या शुगरच्या गोळ्या दर दोन महिन्यांनी संपलेल्या असतात, बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी देतात. आमदारसाहेबांकडं गेलो, त्यांनी पाच मिनिटांत पत्र दिलं. त्याला सहा महिने झाले. आता काय करू?
(एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा)

पाच मिनिटांत पत्र मिळालं ना, तिथंच ओळखायचं. दिवसाला तीस-चाळीस पत्रं मी स्वतः टाईप केलीत, मजकूर तयारच असायचा, फक्त नाव बदलायचं, शेवटी 'उचित कार्यवाही व्हावी ही विनंती' आणि साहेबांची सही. ते पत्र वरून खाली फिरत फिरत शेवटी त्याच दवाखान्यात जातं आणि तिथून उत्तर येतं, साठा उपलब्ध नाही, मागणी केलेली आहे. विषय संपला. उत्तर फाईलला लागलं आणि गोळी काय आली नाही.

आधी एक बघा, तुमचा दवाखाना कुणाचा आहे. हे लोकांना माहीतच नसतं आणि खरं सांगायचं तर निम्म्या कार्यकर्त्यांनापण नसतं. गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडं, आणि आपलं सोलापुरातलं सिव्हिल हे मेडिकल कॉलेजला जोडलेलं म्हणून ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणजे मंत्रालयात खातंच वेगळं. डफरीन हॉस्पिटल महापालिकेचं. आता सिव्हिलची तक्रार आरोग्यमंत्र्यांच्या नावानं केली तर ती आधी ह्या खात्यातून त्या खात्यात जाणार, त्यातच दोन महिने गेले.

आता गोळ्यांचं. सरकारी औषध खरेदी काही वर्षं हाफकिनच्या महामंडळामार्फत व्हायची, त्यावरून सभागृहात सारखी ओरड व्हायची, मग २०२३ मध्ये कायदाच केला, महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा. म्हणजे औषध, यंत्रं, सगळी खरेदी एका प्राधिकरणाकडून व्हावी असा हेतू. कायदा झाला म्हणून गोळी आली असं नसतं, पण एक फायदा झाला की विचारायचं कुणाला ते ठरलं.

म्हणून आमदाराकडं पत्र मागू नका, प्रश्न मागा. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. त्याचा एक ठराविक साचा असतो, मला अजून झोपेत येतो: "(१) सोलापूर जिल्ह्यातील अमुक रुग्णालयात मधुमेहाच्या गोळ्यांचा साठा संपल्याचे माहे अमुकमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि सरकारची उत्तरंपण ठराविक. "हे अंशतः खरे आहे." "प्रश्न उद्भवत नाही." नवीन असताना मला 'प्रश्न उद्भवत नाही' वाचून लई राग यायचा, अरे आमचं माणूस गोळीवाचून बसलंय आणि तुमचा प्रश्न उद्भवत नाही! पण नंतर कळलं की खरी मजा छापील उत्तरात नसतेच. प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला फोन येतो, जिल्ह्यातून तालुक्याला, आज संध्याकाळपर्यंत माहिती द्या म्हणून, आणि मग तो साठा रजिस्टर निघतो ज्यावर सहा महिने कुणी बोट ठेवलेलं नसतं, कारण मंत्री सभागृहात तोंडघशी पडले तर त्याचा हिशोब खालपर्यंत येतो. मी एकदा असं बघितलंय की प्रश्नाचं उत्तर यायच्या आधी औषधाचे खोके आले.

तुम्ही फक्त एवढं करा, बाहेरून आणायच्या चिठ्ठ्या फेकू नका. तारखेसकट झेरॉक्स काढून द्या, चार-पाच घरांच्या जमल्या तर उत्तम. आणि हे अधिवेशन सुरू झाल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी, प्रश्न द्यायची मुदत असते. लोक नेमके नागपूरचं अधिवेशन सुरू झालं की फोन करायचे, साहेब आमचा प्रश्न मांडा. अहो गाडी गेली ती.

अक्कलकोट रोडला एका गारमेंटमध्ये पॅकिंगला आहे. पगार १४,०००. दर महिन्याला पीटी म्हणून २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००. हे पैसे कुठं जातात ओ? मालकाला विचारलं तर म्हणतो सरकारला विचार.
(एक कामगार ताई)

ताई, तुमच्या पत्रावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. आधी महत्त्वाचं सांगतो मग गोष्ट. २०२३ च्या बजेटमध्ये ठरलं आणि कायद्यात दुरुस्ती झाली की महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर, म्हणजे तुमच्या स्लिपवरची पीटी, नाही. तुमचा १४,००० आहे म्हणजे एक रुपयापण कापायला नको. स्लिप घेऊन अकाऊंटवाल्याला भेटा, भांडू नका, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये जुनाच स्लॅब पडून असेल, तो बदला म्हणा आणि कापलेले परत मागा. शेजारच्या टेबलावरच्या बायकांच्या स्लिपापण बघा, एकटीचंच कापलेलं नसणार.

आता हे पैसे कशाचे. हा कर १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळात आपल्या सोलापूर जिल्ह्यानं काय भोगलंय ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, खडी फोडायला अख्खी गावं बसायची. त्यातून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिला पैसा पाहिजे म्हणून शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला. शहरातल्या माणसानं द्यायचं आणि गावातल्या माणसाला काम मिळायचं. वर अशी अट घातली की असल्या करांतून जेवढे जमतील तेवढेच सरकारनं आपल्या खिशातून घालायचे. वर्षाला २,५०० च्या वर हा कर घेता येत नाही, ते राज्यघटनेतच लिहिलंय, म्हणूनच अकरा महिने २०० आणि एक महिना ३०० असा तो हिशोब.

ह्या योजनेमागं वि. स. पागे, तेव्हाचे विधान परिषदेचे सभापती. मंत्री नव्हते, मुख्यमंत्री नव्हते, आणि तरी हा माणूस एका कल्पनेच्या मागं लागला. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राचा असाच कायदा यायला २००५ उजाडलं. म्हणजे एक विधेयक काय करू शकतं ह्याचं उदाहरण तुमच्या पगाराच्या स्लिपवर छापून येत होतं दर महिन्याला (आणि आता यायला नको, ते आधी बंद करून घ्या).

महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार आहेत म्हणतात, मग दवाखानेवाले नाही कसं म्हणू शकतात? कायदा आहे ना?
(विडी घरकुल परिसरातून, तिघी-चौघींनी मिळून)

नाही ना, तीच तर गोम आहे. ती योजना आहे, कायदा नाही. शासन निर्णयावर चालते, ज्याला आपण जीआर म्हणतो. जीआर मंत्रालयात निघतो आणि मंत्रालयातच बदलतो, त्याला सभागृहात हात वर करावे लागत नाहीत. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं, तेव्हा मर्यादा दीड लाखाची होती, मग नाव बदललं, मर्यादा वाढली, योजनेत बसणारे आजार वाढले. चांगलंच झालं, पण हे सगळं निर्णयावर, हक्कावर नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, डॉक्टर लोक रस्त्यावर उतरले होते तेव्हा. आपल्याकडं तसा कायदा नाही.

पण एक हत्यार आहे ते वापरा. धर्मादाय ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या खर्चात द्यायच्याच असतात, ते ट्रस्टच्या कायद्याच्या आधारानं आणि हायकोर्टाच्या आदेशानं बांधलेलं आहे. रेशनकार्ड आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, माणूस आयसीयूत असताना दाखला काढायला कोण पळणार. जागा नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसला फोन, आमदाराला नंतर.

आमच्या आमदारांनी फंडातून अँब्युलन्स दिली, बॅनर लावले, पेढे वाटले. आता ती उभीच असते. चौकशी कुठं करायची?
(एक नाराज मतदार)

आई गं. ही तर माझ्याच पापाची गोष्ट. आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो, आता वर्षाला ५ कोटी, त्यातून वस्तू घेता येते, भिंत बांधता येते, पण पगार देता येत नाही. आम्हीपण दिली होती एक. उद्घाटनाला झेंडूचा हार घातला, तो हार वाळून काळा झाला तरी आरशाला तसाच, कारण गाडी हललीच नाही. ड्रायव्हरचं पद मंजूर नव्हतं. डिझेल कुठल्या हेडमधून टाकायचं तेपण ठरलं नव्हतं. पोरं तिच्यामागं लपाछपी खेळायची. साहेबांनी मला विचारलं, तू आधी पदाचं का नाही बघितलंस? खरंच नव्हतं बघितलं.

म्हणून तुम्ही चौकशी करायची ती गाडीची नको, पदाची करा. दवाखाना म्हणजे इमारत नाही, आकृतिबंध. डॉक्टर किती, नर्स किती, शिपाई किती, ड्रायव्हर किती, आणि त्या प्रत्येकाला वित्त विभागाची मान्यता आहे का. बिल्डिंग होऊन कुलूप लागलेल्या जागा आपल्याकडं बघितल्या असतील तुम्ही, त्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच.

बजेटमध्ये आमदार सोलापूरसाठी पैसे वाढवून का घेत नाहीत?
(एक वाचक, नवी पेठ)

कारण वाढवता येतच नाहीत. सुशीलकुमार शिंदे अर्थमंत्री असताना त्यांनी नऊ वेळा राज्याचं बजेट मांडलं, तेव्हा बजेट काय सोलापूरला नवीन नाही, पण नियम कुणाला माहीत नसतो. खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान होतं तेव्हा साधा आमदार रक्कम कमी करा म्हणू शकतो, वाढवा म्हणू शकत नाही. म्हणून कपात सूचना देतात, एक रुपया कमी करा, शंभर रुपये कमी करा. रुपया वाचवायचा नसतो, त्या निमित्तानं बोलायला मिळतं. आणि जास्त पैसे लागणारं विधेयक आमदारानं स्वतः आणून मंजूर करून घ्यायचं म्हटलं तर राज्यपालांची शिफारस लागते, राज्यपाल चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, म्हणजे फिरून परत सरकारच.

वाढवायचं असतं ते आधी. बजेट छापायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, खात्याच्या बाबूसमोर बसून. आणि तुमचं काम 'बजेटला आलं' असं कुणी सांगितलं तर हुरळून जाऊ नका, किती आलं ते विचारा. वीस कोटींच्या कामाला हजार रुपयांची टोकन तरतूद असते कधी कधी. पैसे प्रत्यक्ष सुटले का ते कळायला 'बीडीएस (निधी वाटपाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतली पावती) निघाली का' एवढं विचारा, समोरचा सरळ बसतो.

इंजिनीअरिंग झालं, सगळे मित्र पुण्याला गेले. सोलापुरातल्या कंपन्यांनी ८० टक्के इथलीच पोरं घ्यावीत असा कायदा आमदार का करत नाहीत?
(चिंचोळीजवळून एक पोरगा)

हरियाणानं केला होता भावा, ७५ टक्क्यांचा, खाजगी कंपन्यांसाठी. २०२३ मध्ये हायकोर्टानं घटनाबाह्य ठरवून उडवला. आपल्याकडं ८० टक्के म्हणतात ते सरकारच्या धोरणात आहे. मग ज्या कंपन्या सरकारकडून सवलती घेतात त्यांनी किती स्थानिक घेतले, यादी सभागृहाच्या पटलावर ठेवा, एवढा प्रश्न तुझा आमदार विचारू शकतो. तू तो लिहून दे, हे खरे आहे काय लावून. आणि आपल्याकडचे आमदार विरोधी पक्षात असले की म्हणतात आमचं कोण ऐकतं, तेव्हा त्यांना सांगोल्याची आठवण कर, गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकावर बसूनच.

आमदारांना भेटायला कधी जावं?
(एक आजोबा, बाळीवेस)

आजोबा, अधिवेशन चालू असलं तर शनिवारी सकाळी, शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं आलेले असतात. चहा झाल्यावर जा, आधी नको. अर्ज एका पानाचा, त्यावर मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात, आणि दुसरी प्रत पीएकडून तारीख टाकून सही करून परत घ्या. पीए म्हणेल सहीची काय गरज आहे. मीपण म्हणायचो.