शिराकामीला पहिल्यांदा जाताय तर

ऑक्टोबरातल्या रंगांचे फोटो पाहून तू शिराकामीचा, म्हणजे उत्तर जपानातल्या या डोंगराळ जंगलाचा बेत आखतोयस, पण माझं ऐकशील तर मे महिन्याच्या शेवटी जा. जपानी समुद्रावरून येणारे वारे तिथे हिवाळाभर बर्फ ओततात. उन्हं वाढली की तो बीच नावाच्या झाडांच्या (तिथे म्हणतात 'बुना') बुंध्याभोवती आधी वितळतो. प्रत्येक झाडाभोवती गोल खळगा, वर कोवळी पोपटी पालवी! उतारावरच्या झाडांचे बुंधे मुळाशी बाकदार असतात. रोपटी असताना बर्फाने दाबलेली असतात ना, म्हणून. पाऊस लागला तर कुरकुरू नकोस. राखाडी सालीवरून पाण्याचा ओघळ थेट मुळाशी उतरताना दिसेल.

१९९३ पासून हे जंगल जागतिक वारसा आहे, सुमारे १७,००० हेक्टर. ते अकिता आणि आओमोरी या दोन प्रांतांत पसरलंय. गाभ्यात अकिताच्या बाजूने शिरता येत नाही. आओमोरीकडून ठरलेल्या वाटा आहेत, त्याही आधी कळवून. नवख्याने अनमोन धबधबा किंवा जूनिकोची तळी करावीत, एवढं पुरे.

काळा सुतार पक्षी दिसेल या आशेवर राहू नकोस, मला अजून दिसलेला नाही. अस्वल मात्र खरंच आहे. सॅकला घंटी बांध, एकट्याने जाऊ नकोस. बीचची फळं कमी धरली त्या वर्षी अस्वलं गावापर्यंत उतरतात.

आणि गाइड घेतलास तर त्याला मातागी शिकाऱ्यांबद्दल विचार. त्यांची डोंगरदेवी म्हणे मत्सरी, म्हणून तिला खूश करायला तिच्याहूनही कुरूप असा ओकोझे नावाचा मासा वाहायचे.