वाड्यात शॉर्टफिल्म करतोय, पुण्यात. पात्राचा एकटेपणा संवादाशिवाय फ्रेममध्ये कसा दाखवायचा?

क्लोजअपची घाई नको. कॅमेरा माजघरात आत ठेवा, फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 35 मिमी, म्हणजे थोडी रुंद दाखवणारी लेन्स लावा आणि पात्राला चौकाकडच्या दारात बसवा. दोन्ही बाजूंच्या अंधाऱ्या भिंती त्याला आपोआप कोंडतात. मग 85 मिमीवर, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, जवळचा शॉट. पात्र डावीकडे बघत असेल तर त्याला फ्रेमच्या डाव्या कडेलाच चिकटवा. नजरेपुढे जागा उरली नाही की घुसमट जाणवते, पाठीमागचं रिकामपण अंगावर येतं. पण हे एकदाच. प्रत्येक शॉटला केलंत तर कॅमेरामनची चूक वाटेल.

खरा घोळ उजेडाचा. दुपारी चौक चेहऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असतो, प्रेक्षकाची नजर तिकडेच पळते. सकाळी लवकर शूट करा, नाहीतर एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) चौकाचं धरून चेहरा सरळ काळवंडू द्या. आणि डोक्यातून लाकडी खांब उगवलेला नाही ना, तेवढं मॉनिटरवर बघा.