पेटी विकायला बसण्याआधी

यंदा पहिल्यांदाच आंब्याच्या पेट्या विकतोयस, म्हणून सांगते. जाहिरातीत ‘देवगड हापूस’ लिहिशील तर आतलं प्रत्येक फळ देवगडचंच हवं. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो. तो कर्नाटकचा म्हणून, त्याच्या भावाने वीक. हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. शिवाय फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे.

पेटी भरताना वर मोठी फळं नि खाली बारकी, हे तर अजिबात नको. गिऱ्हाईक घरी गवत बाजूला करतं तेव्हा सगळं कळतंच. आणि साक्याचं आधीच बोलून टाक. वरून पिवळंधमक, वासही घमघमाट, पण कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. बाहेरून ओळखता येत नाही, आपल्यालाही नाही. पहिल्या वर्षी मी हे लपवलं, एका आजींनी चिरलेली फोड माझ्यासमोर धरली, तेव्हा मान वर करवेना. आता पेटी देतानाच सांगते, साका निघाला तर फोटो पाठवा, बदली फळ देईन. डझनामागे एखादं जातं, जाऊ दे. आंबे लवकर पिकावेत म्हणून कार्बाइडची पुडी मात्र आढीत कधीच ठेवू नकोस, त्यावर बंदी आहे.