गांजातल्या घटकांचा पेशींच्या आयन चॅनेलवर खरंच परिणाम होतो का?

होतो. आणि लई होतो, म्हणूनच लिहायला बसलोय. आयन चॅनेल म्हणजे पेशीच्या पडद्यातली दारं, ज्यातनं सोडियम, कॅल्शियमसारखे भारित कण ये-जा करतात.

पहिलं म्हणजे गांजातले टीएचसी आणि सीबीडी हे दोन घटक एकाच माळेचे मणी समजू नका. टीएचसी मेंदूतल्या पेशींवरच्या सीबी१ रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) धरतं, मग तो रिसेप्टर जी-प्रोटीन ह्या पेशीतल्या निरोप्यामार्फत कॅल्शियम चॅनेल दाबतो आणि पोटॅशियमची उघडतो, नशा येते ती ह्याच रिसेप्टरमुळे. सीबीडी सीबी१ च्या फारसं वाटेला जात नाही, ते बऱ्याच चॅनेलना थेट भिडतं. सोडियम चॅनेलच्या भोकात जाऊन बसतं, टी-टाइप कॅल्शियम चॅनेल दाबतं, आणि टीआरपीव्ही१ आधी उघडून मग थंड करतं. टीआरपीव्ही१ म्हणजे तांबड्या रश्श्याचा जाळ जिभेला ज्याच्यामुळं कळतो ते चॅनेल, डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल त्याच्याच शोधासाठी मिळालं.

आता माझ्या भाच्याचं सांगतो. त्याला ड्रावे सिंड्रोम आहे, म्हणजे एससीएन१ए जीनमध्ये बिघाड, एनएव्ही १.१ हे सोडियम चॅनेल कमी पडतं, आणि ते चॅनेल जास्त लागतं मेंदूतल्या इतर पेशींना आवरणाऱ्या पेशींना, म्हणून फिट्स. ह्याच कारणानं कार्बामाझेपिनसारखी सोडियम चॅनेल बंद करणारी फिट्सची औषधं ह्या पोरांना उलटी पडतात. क्लोबाझाम हे फिट्सचं औषध चालू होतं, जरा बरं चाललेलं. तेवढ्यात भावजींच्या थोरल्या भावानं ऑनलाइन कुठलंतरी सीबीडी तेल मागवलं आणि रोज रात्री दुधातनं द्यायला लागले, घरात कुणाला न सांगता. पोरगं दिवसभर झोपून, घास तोंडात तसाच, मान सावरेना. ताई रडकुंडीला आलेली. डॉक्टरांनी विचारलं, घरचं आणखी काय देताय का, तेव्हा बाटली बाहेर आली. सीबीडी लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ एन्झाइम अडवतं, ते अडलं की क्लोबाझामपासून बनणारा नॉरक्लोबाझाम मोडत नाही आणि रक्तात साठत जातो. गुंगी त्याची.

आणि तेल देणारे हे काका म्हणतात, "झाडाचा रस आहे, त्याला कसला साइड इफेक्ट?" अहो, जे मेंदूतली चॅनेल हलवतं ते औषध आहे, मग ते झाडातनं येऊ दे नाहीतर फॅक्टरीतनं. अमेरिकेत एफडीएनं २०१८ मध्ये एपिडायोलेक्स ह्या औषधाला ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो (हाही फिट्सचा अवघड आजार) ह्यांच्यासाठी मंजुरी दिली ती शुद्ध सीबीडीला, वजनावर मोजलेल्या डोसला, असल्या बाटलीला नाही.

एक मात्र सांगायला पाहिजे, सोडियम चॅनेल वगैरेचं बरंचसं काम डिशमधल्या पेशींवर झालंय, पेशंटमध्ये फिट्स नेमक्या कशानं थांबतात हे अजून पक्कं ठरलेलं नाही. आणि मी डॉक्टर नाही, बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलंय.

कुणाच्या घरात असं पोर असेल तर न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय एक थेंब देऊ नका, व्हॅल्प्रोएट (फिट्सचं आणखी एक औषध) चालू असेल तर एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आधी करून घ्या. काका अजून म्हणतात त्यांच्या तेलानं पोरगं शांत झालेलं. शांत नव्हतं काका, गुंगीत होतं.